सत्तर किलोचा नवरदेव

वऱ्हाडातल्या सगळ्यात प्रसिद्ध द्वाड घोड्याची नोंद एका पोथीत आहे. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचा नववा अध्याय उघडला की तो भेटतो. पोथी १९३९ सालची आणि अकोला-अमरावतीकडे तिची पारायणं घरोघर चालतात, त्यामुळे या घोड्याच्या खोड्या इथल्या कित्येक आज्यांना तोंडपाठ असतात. घोडा टाकळीच्या गोविंदबुवा कीर्तनकारांचा. तो लाथा झाडी, कुत्र्यासारखा चावे, दावं तोडून रानात पळे आणि रात्रंदिवस खिंकाळे. बुवांनी त्याच्यासाठी खास लोखंडी साखळ्या करून घेतल्या होत्या. शेगावला महादेवाच्या मंदिरात कीर्तनासाठी निघाले, तेव्हा नेमक्या त्या साखळ्या घरी राहिल्या. लग्नाला निघताना अक्षता सोडून बाकी सगळं बरोबर घेणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही.

रात्री गजानन महाराज तिथे आले आणि त्या घोड्याच्या चार पायांच्या मध्ये खुशाल झोपले. घोडा गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यानेच बुवांची झोप मोडली. ज्यांनी कधी खोडकर जनावर पाळलं आहे त्यांना हे लगेच पटेल. आवाज चालू असेपर्यंत ते कुठे आहे ते तरी कळतं. आवाज थांबला की मालक उठून कंदील शोधतो.

पुढे घोडा सुधारला, हे पोथी सांगतेच. मात्र हा उपाय महाराजांचा होता. आपल्या मंडपाच्या दारात उभ्या असलेल्या घोड्याखाली कुणाच्या मामांनी तो करून पाहू नये.

पोथी त्या घोड्याची उंची सांगत नाही, तो खच्ची केलेला होता की नाही हेही सांगत नाही. पण खोड्यांची यादी घेऊन कुठल्याही घोडेवाल्याकडे जा. तो पहिल्या दोन ओळींतच मान हलवून म्हणेल, “नर हाय बाप्पा.” चावणं, दोन पायांवर उभं राहणं, दावं तोडणं, लांबवरच्या घोडीला हाका मारणं हा न खच्ची केलेल्या नराचा नित्यक्रम आहे. त्यात ते तट्टू असलं तर विचारूच नका. चौदा हात दोन बोटांपेक्षा कमी उंचीच्या घोड्याला जगभर तट्टू म्हणतात. इथे हात म्हणजे चार इंच आणि बोट म्हणजे एक इंच, त्यामुळे हिशेब जातो सुमारे १४७ सेंटिमीटरवर. माणसाच्या छातीएवढं जनावर पाहून लोकांना वाटतं, हे काय करणार! उंची कमी असली तरी वजन दोन-अडीचशे किलो असतं आणि दात मोठ्या घोड्याइतकेच मन लावून काम करतात.

आजच्या वऱ्हाडात असं तट्टू भेटायचं ठिकाण एकच, ते म्हणजे वरात. जानोशापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि देवळापासून मंडपापर्यंत जे अंतर एरवी पायी दहा मिनिटांत संपतं, ते वरातीत दोन तास चालतं. समोर संदलचे वाजंत्री, त्यांच्या पुढे पोट्टे, मागे डीजेची गाडी, बाजूला डोक्यावर दिवे घेतलेली माणसं. मध्ये तट्टू, तट्टावर नवरदेव, नवरदेवाच्या मागे हौसेने बसवलेला एक भाचा. भाच्याच्या हातात काहीतरी वाजणारं खेळणं असतंच.

इथे कायद्याचा एक तपशील सांगण्यासारखा आहे. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त किती वजन असावं ते लिहिलं आहे: सत्तर किलो. खेचराला दोनशे, उंटाला अडीचशे, गाढवाला पन्नास. आता शेरवानी, फेटा, गळ्यातला हार, कमरेची तलवार आणि पाठीमागचा भाचा धरून सत्तर किलोत बसणारा नवरदेव अमरावती-अकोल्याच्या लग्नात आणायचा कुठून? याच नियमांत असंही आहे की पारा ३७ अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी बारा ते तीन जनावरावर ओझं लादू नये. अकोल्यात ३७ अंश म्हणजे मार्चमधली बरी दुपार. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा नियमाचं काय होतं ते नियमालाच ठाऊक. नवरदेव कायद्याच्या भाषेत ‘ओझं’ ठरतो की नाही, हा मुद्दा अजून कुणी कोर्टात नेलेला दिसत नाही. कुणी नेला तर साक्षीला नवरीकडची बरीच मंडळी मिळतील.

त्यात निसर्गाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. दिवस मोठे होऊ लागले की घोड्यांचा मोसम सुरू होतो. घोडी साधारण तीन आठवड्यांच्या फेऱ्याने माजावर येते आणि पाच-सात दिवस माजावर राहते. नर तर त्या दिवसांत कायम तयारीत. म्हणजे फाल्गुन संपून चैत्र-वैशाखाची लगीनसराई लागते, तेव्हा खाली-वर दोघांचीही लगीनसराई असते. फरक एवढाच की वरच्याची पत्रिका छापलेली असते आणि खालच्याला आपली स्थळं स्वतः शोधावी लागतात. अमरावतीच्या राजकमल चौकाकडून एक वरात येते आहे, समोरच्या गल्लीतून दुसरी, आणि त्या दुसरीत घोडी आहे, ती माजावर आहे. अशा वेळी नवरदेवाच्या हातात लगाम असला तरी वरात कुठल्या मंडपाकडे जाईल ते त्याला सांगता येणार नाही.

खरं तर तट्टू आधीपासून सगळं सांगत असतं. नाकपुड्या फुगवतं, मान ताठ करतं, शेपटी उचलतं, पावलं तिरकी टाकू लागतं. कान पाहावेत. पुढे टोकदार म्हणजे समोर काही दिसलं, एक इकडे एक तिकडे म्हणजे विचार चालू आहे, आणि मागे मानेला चिकटले म्हणजे जवळ उभ्या असलेल्याने आपलं बोट खिशात घालावं. पण वरातीत घोड्याच्या कानांकडे पाहतो कोण? घोड्याच्या कानात डीजे वाजवणाऱ्या मंडळींचं स्वतःच्याच कानांकडे लक्ष नसतं.

सगळ्यात मोठा गैरसमज तट्टाच्या हसण्याबद्दल आहे. रस्त्यावरची लीद हे नराचं दैनिक. आधी कोण गेलं, कधी गेलं, घोडी होती का, सगळा मजकूर त्यात असतो. म्हणून तो भर वरातीत थांबून खाली मान घालून वास घेत राहतो. मग मान आभाळाकडे करतो आणि वरचा ओठ उलटा दुमडून दात दाखवतो. टाळूच्या वर एक खास गंधेंद्रिय असतं, त्यात वास खेचून घ्यायची ही पद्धत. वरातीतल्या पोट्ट्यांना वाटतं घोडा हसला. लगेच चार जण मोबाइल काढून त्याच्या गालाला गाल लावतात. घोडा त्या क्षणी मजकूर वाचण्यात गर्क असतो, म्हणून बरेच जण वाचतात.

आणि मग तो उधळतो. इथे नीट पाहण्यासारखी गोष्ट घडते. तट्टू कंटाळलेलं आहे, कुशीला भाच्याच्या टाचा लागताहेत, कानाशी संदल आहे. ते मागच्या दोन पायांवर उभं राहतं. त्याबरोबर संदल थांबतो, पोट्टे दहा पावलं मागे पळतात, भाच्याला उतरवतात, कुणीतरी ओरडतं, “अबे सरका ना बे, घोळा बिथरला!” म्हणजे दोन तासांत विनवण्या करूनही जे झालं नव्हतं ते दोन सेकंदांत झालं. घोडा हा धडा विसरत नाही. पुढच्या वरातीत तो दोन तास वाट पाहत नाही, पाऊण तासातच उभा राहतो. सगळे म्हणतात घोडा बिघडला. बिघडला कसला, शिकला! ज्यांनी शिकवलं ते शेजारच्या टपरीवर चहा पीत एकमेकांना सांगत असतात की आजकाल घोड्यांची जातच वाईट निघून राहिली.

घोड्याला शिकवायची सगळी विद्या या एकाच गोष्टीवर उभी आहे. लगामाचा ताण द्यायचा आणि घोड्याने हवं ते केलं की त्याच क्षणी ढिला सोडायचा. घोड्याला कळतं ते सोडण्यातून, ओढण्यातून नाही. सोडायला तीन सेकंद उशीर झाला तर त्या तीन सेकंदांत तो जे करत होता ते त्याने पाठ केलं म्हणून समजा. लगाम कायम खेचून धरणाऱ्याकडून तो काहीच शिकत नाही, फक्त त्याचं तोंड दगड होत जातं. मग काटेरी लगाम येतो. तोही १९६५ च्या त्याच नियमांत मना केलेला आहे, आणि त्याने घोडा सुधारत नाही. वेदनेने बेभान झालेलं अडीचशे किलोचं जनावर तेवढं हाती येतं.

बिघडायची सुरुवात मात्र वरातीच्याही आधी होते, घरच्या अंगणात. शिंगरू गोड असतं. त्याला हातावर बिस्कीट द्यावंसं वाटतं. ते बोटं चोखतं, मग हळूच चावतं, सगळे हसतात. ते पुढचे दोन पाय माणसाच्या खांद्यावर ठेवतं, घरचे त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवतात. वर्ष-दीड वर्षात शिंगरू वयात येतं. एके दिवशी ते त्याच प्रेमाने त्याच माणसाच्या खांद्यावर तेच दोन पाय ठेवतं आणि माणूस दवाखान्यात जातो. शिंगराच्या बाजूने पाहिलं तर त्याने काहीच वेगळं केलेलं नाही. ठरलेला खेळ न सांगता बंद केला, ही माणसाची लबाडी.

घोडा विकत घेतानाही स्वभावाची चौकशी सगळ्यात शेवटी. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो. तिथे गिऱ्हाईक दात पाहतं, चाल पाहतं, अंगावरचे भोवरे मोजतं. गळ्याशी देवमण आहे का, चार पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी आहे का, अशुभ भोवरा कुठे लपला आहे का, याच्या चर्चा तासन्‌तास चालतात. भोवऱ्याने अजून कुणाला चावा घेतल्याची नोंद नाही. पण ‘हा चावतो का?’ हा प्रश्न विचारला तर आपल्याला घोड्यातलं कळत नाही असं लोकांना वाटेल, म्हणून कुणी विचारत नाही.

पाश्चात्त्यांना यातलं जास्त कळत होतं अशातला भाग नाही. १८५८ च्या सुमारास जॉन रॅरी नावाचा अमेरिकन इंग्लंडला आला, तेव्हा तिथे क्रूझर नावाचा एक खानदानी नर घोडा तोंडाला लोखंडी मुसकं चढवून कोंडून ठेवला होता. त्याच्याजवळ जायची कुणाची छाती नव्हती. रॅरीने सुमारे तीन तासांत त्याला माणसात आणलं. त्याची रीत अशी की घोड्याचा एक पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा, घोडा थकून खाली बसला की मारझोड न करता त्याच्या अंगावरून हात फिरवत राहायचं, आणि शेवटी स्वतः त्याच्या खुरांपाशी डोकं ठेवून आडवं व्हायचं. राणी व्हिक्टोरियाला त्याने हे करून दाखवलं. मग लंडनच्या उमराव मंडळींना दहा-दहा गिनी घेऊन शिकवणी दिली आणि विद्या बाहेर फोडणार नाही अशी शपथही घ्यायला लावली. शेगावात घोड्याच्या पायांत निजण्याची फी घेतली गेली नव्हती, पट्टाही लागला नव्हता.

वऱ्हाडशी संबंध आलेला एक ब्रिटिश सेनानीही इथे आठवतो. आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूच्या लढाईत, १८ जून १८१५ रोजी, तो दिवसभर कोपनहेगन नावाच्या घोड्यावर होता. हा खच्ची न केलेला नर, उंचीला पंधरा हातांच्या आसपास. रात्री लढाई जिंकून वेलिंग्टन खाली उतरला आणि शाबासकी म्हणून त्याने घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. घोड्याने लाथ झाडली. ती थोडक्यात चुकली. गाविलगडच्या तोफांना जे जमलं नाही, नेपोलियनला जे जमलं नाही, ते एका घोड्याने जवळजवळ करून दाखवलं होतं. दिवसभर तोफांखाली नीट चाललेला नरसुद्धा काम संपल्यावर मागून टाकलेला हात खपवून घेत नाही. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण नेमकं पाठीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. वरातीतला प्रत्येक उत्साही काका नेमका या दोन जागांपैकी एकीत उभा असतो.

मग यावर इलाज काय? पशुवैद्य एकच सांगतात: प्रजोत्पादनासाठी ठेवायचा नसेल तर वेळेत खच्ची करा. सहा महिने ते दोन वर्षं हे त्याचं नेहमीचं वय. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, म्हणजे जाणकार माणूस शोधायला पुण्या-मुंबईला जायला नको. पण घोडेवाल्याची अडचण निराळी आहे. न खच्ची केलेल्या नराची मान जाड आणि कमानदार होते, तो पावलागणिक ऐट मारतो, आणि वरातीच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. खच्ची केलेलं शांत तट्टू उभं केलं की नवरदेवाचे काका म्हणतात, “काऊन हो, हा घोळा झोपला काय?” ऐट हवी, लाथ नको. घोडेवाला हा माल आणणार कुठल्या बाजारातून?

शिवाय खच्ची केलं की दुसऱ्या दिवशी घोडा संत होतो, हीही एक भाबडी समजूत आहे. अंगातलं संप्रेरक ओसरतं, सवयी राहतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की खच्ची केलेल्या घोड्यांपैकी वीस ते तीस टक्के घोडे नंतरही घोडी पाहिली की नरासारखे वागत होते, मग शस्त्रक्रिया वयात येण्याआधी झालेली असो की नंतर. आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याला घोड्यांपासून नव्हे, घोड्यांच्या बायकांपासून दूर ठेवावं लागतं. नाहीतर अकरा महिन्यांनी अंगणात शिंगरू येतं आणि डॉक्टरची अब्रू जाते.

परदेशात नराच्या नाकपुडीला सर्दीचं मलम चोळतात, म्हणजे घोडीचा वास येत नाही. करायला सोपं आहे, वरातीत मदतीला येईल. पण मुळातला उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी करत नाही. नराला दिवसभर एकट्याला अंधाऱ्या खोलीत बांधून संध्याकाळी हजार माणसांत नेलं तर तो माणसांसारखं वागत नाही, यात त्याचा दोष कमी. त्याला रोज चालवावं, चंदी जपून आणि चारा भरपूर द्यावा, दुसरं जनावर डोळ्यांसमोर असावं. स्वित्झर्लंडमध्ये अव्हांशच्या सरकारी घोडेपैदास केंद्रात संशोधकांनी चार-पाच नरांना चक्क एकत्र कुरणात सोडलं. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. पहिले तीन-चार दिवस तंटे झाले, मग ते झपाट्याने कमी झाले. नर एकमेकांचा वास घेऊन, मान ताणून, पाय आपटून आपापलं स्थान ठरवत आणि चरायला लागत. प्रत्यक्ष मारामारी फार कमी. हे वाचून गावातल्या भाऊबंदकीचे खटले आठवले तर तो वाचकाचा प्रश्न आहे.

हातात धरून नेताना त्याच्या खांद्याजवळ चालावं, तोंडासमोर नाही. तोंडाशी खेळू नये, तोंडावर मारू नये, हातावरून खायला देऊ नये. पुढच्या घोड्यापासून एक घोडा मावेल इतकं अंतर ठेवावं. त्याने मान खाली घातली, एक पाऊल मागे घेतलं, श्वास सोडला की लगेच दोर सैल करावा आणि दोन मिनिटं त्याला काहीही करायला लावू नये. ही सगळी कामं एका माणसाची आहेत, आणि तो माणूस वरातीत घोड्याशेजारीच असतो. त्याच्या अंगावर कोट नसतो, फोटोत त्याला कापून टाकतात, आणि घोडा बिथरला तर शिव्या त्यालाच.

म्हणून जुना घोडेवाला सुपारी घेताना नवरदेवाचं वजन विचारत नाही, मुहूर्तही विचारत नाही. वरातीत डीजे आहे की संदल, पोट्टे किती, रस्त्यात दुसरी वरात लागते का, तिच्यात घोडी आहे का, हे विचारतो. समोरचा वैतागतो. म्हणतो, आमचा नवरदेव लय गरीब आहे हो, तुमच्या घोळ्याले काही करत नाही.

“नवरदेव कसाबी चालते भाऊ,” घोडेवाला म्हणतो, “वराती कसे हायेत थे सांगा.”